रंजक, टोपी आणि कायदा

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. रिसोडच्या उर्दू शाळेत माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायचा. तिकडे त्याला रायफलचा नाद लागला. अमेरिकेत बरेच लोक घरच्या घरी काडतुसं भरतात. डागून झालेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, जुना प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. कायद्याने चालतं आणि खर्चही वाचतो.

त्याला कुणीतरी पॉइंट ३०३ च्या जुन्या पुंगळ्यांची पिशवी दिली. पहिल्याच पुंगळीत त्याच्या अवजाराची सुई वाकली. त्याने बुडाचा फोटो पाठवला. त्यावर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन इंग्रजी अक्षरं होती. खाली प्रश्न होता, ‘‘सर, ही आपल्या पुण्याजवळच्या खडकीची का? आणि प्रायमरला आपल्याकडे काय म्हणतात?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. होय, खडकीचीच. ‘किर्की फॅक्टरी’ची ती खूण. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला दीडशे-दोनशे वर्षं मागे नेलं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, रंजक. मराठीत आज रंजक म्हणजे मन रमवणारं. पण तोफा-बंदुकांच्या भाषेत रंजक म्हणजे बंदुकीच्या कानाशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू. उर्दूतही हाच शब्द. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात, म्हणजे जामगी, या रंजकेला लागायची. ती आग कानातून आत शिरायची आणि नळीतली मोठी दारू पेटायची. पुढे चकमकीच्या दगडाची बंदूक आली. पानिपतावर इब्राहिमखान गारदीच्या पायदळाकडे अशाच बंदुका होत्या. ठिणगी दगडाची असली तरी रंजक तीच. पाऊस आला की रंजक भिजायची आणि बंदूक मुकी व्हायची.

यावर तोड शोधली ती एका पाद्र्याने. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्सिथ शिकारीचे शौकीन होते. चकमकीचा भपका दिसला की पक्षी उडून जात. त्याआधी एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्यापासून फुलमिनेट नावाचा पदार्थ तयार करून दाखवला होता. हा पदार्थ नुसत्या ठोक्यानेही पेटतो. फोर्सिथ यांनी याच जातीच्या रसायनांवर चालणारा चाप बनवला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही रसायनं तांब्याच्या इवल्याशा वाटीत भरली जाऊ लागली. तीच टोपी. आपल्याकडे ‘टोपीची बंदूक’ हे नाव त्यावरूनच पडलं. दिवाळीत मुलं पिस्तुलात टिकल्या फोडतात. रसायन वेगळं, पण तत्त्व तेच. ठोका पडतो आणि टिकली पेटते.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. तोड्याच्या बंदुकीला जे जे लागत असे, ते गावात मिळायचं. लोहार, सोरा काढणारे, वात वळणारे, सगळे आपलेच. टोपी मात्र गावात बनत नव्हती. तिला रसायनशाळा लागायची, कारखाना लागायचा. म्हणजे बंदूक कुणाच्याही हातात असली, तरी टोपी ज्याच्या ताब्यात, बंदूक त्याच्या ताब्यात.

आता १८५७ कडे या. शाळेत आपण सगळे शिकलो की चरबी लावलेल्या काडतुसांमुळे उठाव झाला. एन्फिल्ड रायफलचं काडतूस कागदाचं होतं. आत दारू आणि गोळी, पण टोपी वेगळी. शिपायाने काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि मग टोपी वेगळी बसवायची. त्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे ही बोलवा उठली आणि हिंदू-मुसलमान दोघेही दुखावले.

पण मेरठला काय घडलं ते पाहा. २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक शिपायांना काडतुसं देऊ केली गेली. ही नवी एन्फिल्डची काडतुसं नव्हती. वर्षानुवर्षं वापरलेली जुनीच होती. शिवाय दाताने न फाडता हाताने फाडण्याची सवलत दाखवण्यासाठीच ती कवायत होती. तरीही ८५ जणांनी नकार दिला. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. ९ मे रोजी भर मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं.

म्हणजे प्रश्न चरबीचा होता, पण चरबीपुरता नव्हता. विश्वास संपला होता. विश्वास संपला की खरं सांगितलेलंही खोटं वाटतं. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण ‘धर्मवेड्यांचं बंड’ म्हणून हा विषय एका ओळीत उरकायची सवय अजून गेलेली नाही.

आमच्या भागाचंही या कथेशी नातं आहे. रिसोडहून सेनगावमार्गे हिंगोली लांब नाही. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज नावाने निजामाची, हुकूम इंग्रजांचा. तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला गेला. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून त्या फौजेच्या दारूगोळ्याचे पैसे जात होते. याच कंटिंजंटच्या घोडदळाने जून १८५७ मध्ये औरंगाबादला दिल्लीच्या बादशाहाविरुद्ध लढायला जाण्यास नकार दिला. मीर फिदा अली या दफेदाराला फासावर चढवलं गेलं. शहरातला काळा चबुतरा त्या दिवसांची आठवण आहे.

तिकडे दिल्लीत ऑगस्टमध्ये उठाववाल्यांचा दारूचा कारखाना स्फोटात उडाला. संशय बादशाहाचे हकीम अहसनुल्ला खान यांच्यावर गेला आणि त्यांचं घर लुटलं गेलं. शूर माणसं पुष्कळ होती, पण दारूगोळ्याचा पुरवठा तुटला की शौर्य किती दिवस पुरणार?

यातला दैवदुर्विलास असा की ज्या दाताने फाडण्यावरून एवढं रामायण झालं, ते फाडणंच नऊ वर्षांत संपलं. १८६६ मध्ये वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांचं काडतूस स्नायडर रायफलसाठी आलं. गोळी, दारू आणि टोपी तिन्ही एकाच पुंगळीत. त्याच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजही जगात प्रायमरच्या मुख्य पद्धती या दोनच.

फरक ऐरणीचा आहे. ठोका वरून पडतो, तेव्हा खाली काहीतरी कठीण हवं, नाहीतर रसायन चिरडणार कशावर? बॉक्सरच्या प्रायमरमध्ये ही ऐरण प्रायमरच्याच वाटीत असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असतं. बर्डनमध्ये ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना सहसा दोन छिद्रं असतात. बॉक्सरची पुंगळी पुन्हा भरायला सोपी, मधल्या छिद्रातून सुई घातली की जुना प्रायमर बाहेर. बर्डनमध्ये ती सुई ऐरणीवर आदळते. माझ्या विद्यार्थ्याची सुई वाकली ती यामुळे. खडकीच्या त्या पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या होत्या. गंमत म्हणजे इंग्रज बॉक्सर यांची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डन यांची युरोपात.

त्याला मी आणखी एक सांगितलं. जुन्या प्रायमरच्या रसायनात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मिठासारखा क्षार मागे उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि नळी गंजते. पारा असलेल्या प्रायमरने पितळ ठिसूळ होतं, अशी पुंगळी दुसऱ्यांदा वापरणं धोक्याचं. १९२० च्या दशकाअखेर जर्मनीत शिशाच्या संयुगावर चालणारे न गंजवणारे प्रायमर आले, तेव्हा ही कटकट मिटू लागली. प्रायमर निवडताना तिकडचे लोक आकार पाहतात, वाटीची जाडी पाहतात. पिस्तुलाच्या प्रायमरची वाटी पातळ असते. रायफलचा जास्त दाब तिला झेपत नाही. अंदाजाने काहीही बसवायचं नसतं.

खडकीचा कारखाना १८६९ चा. उठावानंतर बारा वर्षांनी इंग्रजांनी तो उभारला. पण शिपायावरचा अविश्वास गेला नव्हता. गोऱ्या फौजेकडे मार्टिनी-हेन्री आली तरी हिंदी पलटणींच्या हाती बरीच वर्षं जुनी स्नायडर राहिली. तोफखाना तर जवळजवळ पूर्ण काढून घेतला.

मग १८७८ चा लॉर्ड लिटनचा शस्त्रकायदा. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला. हा कायदा जनतेवर विनाकारण लावलेला कलंक आहे, असं त्या ठरावाचं म्हणणं होतं. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. त्यांचं दुखणं बंदूक मिळत नाही एवढंच नव्हतं. एकाच देशात एकावर विश्वास आणि दुसऱ्यावर जन्मतःच संशय, हे ते दुखणं होतं.

स्वतंत्र भारताचा शस्त्रकायदा १९५९ चा. त्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय घरी काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि तो सगळ्यांसाठी सारखा. रानडुकरं आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात तेव्हा आमच्याकडचा शेतकरी परवान्यासाठी अर्ज करतो. तो कोणत्या वस्तीतून आला यावरून उत्तर ठरू नये, एवढीच अपेक्षा. कायदा कडक असायला माझी हरकत नाही. तो सर्वांना एकाच वजनाने तोलणारा हवा.

आज खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही १९६४ पासून लष्करासाठी काडतुसं बनतात. ज्या टोपीसाठी आपण कधीकाळी परक्यांवर अवलंबून होतो, ती आता आपल्याच महाराष्ट्रात तयार होते.

विद्यार्थ्याला शेवटी लिहिलं, ‘‘बेटा, प्रायमर म्हणजे रंजक. पण इंग्रजीत प्रायमर म्हणजे मुलाचं पहिलं पुस्तकही. त्याला आपण उर्दूत कायदा म्हणतो. तू माझ्याकडे अलिफ-बे शिकलास तो कायदा. ती खडकीची पुंगळी भरू नकोस, टेबलावर ठेव. मुलं विचारतील तेव्हा त्यांना मेरठच्या त्या ८५ जणांची गोष्ट सांग.’’

त्याचं उत्तर आलं, ‘‘जी सर, ठेवली आहे.’’