पखाल आणि मोत्यांची चादर

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पश्चिमेस लेहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस पाणीगेट. या पाणीगेटच्या आतील एका जुन्या भिस्ती कुटुंबाच्या माळ्यावरून काही वर्षांपूर्वी एक पखाल निघाली. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ती मागून आणली. कातडे वाळून लाकडासारखे कडक झाले होते. ते मऊ व्हावे म्हणून मी त्यावर भरपूर एरंडेल चोळले आणि घडी उलगडू लागलो. घडीच्या रेषेवरच ती हातभर तडकली. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी म्हण आपण ऐकतो. येथे रोग पखालीचाच होता आणि औषधही पखालीलाच मिळाले होते. उणे होते ते वैद्याचे ज्ञान.

या रोगाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत शहराच्या पूर्वेस आजवा येथे विस्तीर्ण तलाव बांधला गेला आणि १८९० नंतरच्या दशकात त्याचे पाणी नळांनी घरोघरी पोहोचू लागले. लोकांचे कष्ट वाचले. पखाल मात्र हळूहळू माळ्यावर गेली. रोजच्या वापरात ती सदैव ओली राही, आणि धनी तिला तेल पाजी. वापर थांबला आणि तेथेच तिचा रोग सुरू झाला.

कच्चे कातडे कुजते. बाभळीची साल, तरवड, हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवले म्हणजे टिकाऊ होते. यालाच आपण कातडे कमावणे म्हणतो. कातडे म्हणजे सूक्ष्म तंतूंचे जाळे. तेल आणि ओलावा यांच्यामुळे हे तंतू एकमेकांवरून सरकतात. दोन्ही आटले की ते परस्परांना चिकटतात आणि वाकवताच तुटतात. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत भरू नये, हा ख्रिस्ताचा दाखला याच अनुभवावर उभा आहे. जुन्या कातड्याला ताण सोसवत नाही. त्यात धुराची भर पडते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०१ साली ग्रंथांच्या चामडी बांधणीविषयी अहवाल दिला. दिव्यांच्या वायूच्या धुरातील आम्लामुळे चामड्याची लाल भुकटी होते, हे त्या चौकशीत पुढे आले.

याच बडोद्यात एक राजवैभवी कातडेही होते. खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची एक चादर करवून घेतली. मदिनेतील पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता, असे सांगतात. १८७० साली महाराज निवर्तले आणि चादर बडोद्यातच राहिली. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात ती मांडली गेली, आणि २००९ साली दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकली गेली. तिच्यावर लाखो मोती आहेत, हिरे-माणके आहेत. पण हा सारा भार झेलतात ते रेशीम आणि हरणाचे पातळ कातडे. आधार तडकला तर मोती कशावर राहणार?

मग जुने कातडे सुधारावे कसे? पदार्थसंग्रहालयशास्त्राचे अध्यापन बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून चालत आले आहे. त्या विषयातील एका जाणत्या गृहस्थांनी मला माझी चूक समजावून दिली. प्रथम तेल नव्हे, प्रथम ओलावा. तोही थेट पाण्याचा नव्हे, कारण जीर्ण कातडे भिजले तर आक्रसते. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, कातडे बंद पेटीत दमट हवेत ठेवावे, आणि ते आपणहून सैल होऊ लागले की रोज थोडी थोडी घडी उलगडावी. भेगेला पाठीमागून चिवट पातळ कागदाचे ठिगळ गव्हाच्या खळीने लावावे, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगला उपाय सापडल्यास ते सोडवता येते. तेलाचा हात अगदी बेताचा असावा. जास्त झालेले तेल चिकट होऊन धूळ धरते.

त्याप्रमाणे पखाल सांधायला दोन महिने लागले. ती परत देताना मी त्या घरी माझी चूक कबूल केली. घरातील वृद्ध गृहस्थांनी सांध्यावरून बोट फिरवले आणि विचारले, “आता यात पाणी राहील का, मास्तर?” नाही, हे मला सांगावे लागले. पखालीचा आकार राहिला, काम गेले. ते माझ्या घाईने गेले की शंभर वर्षांच्या विसराने, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

मोत्यांच्या चादरीचे वर्णन करताना लोक मोती मोजतात. ते ज्यावर तोलले आहेत ते कातडे कोणी कमावले, हे कोणी सहसा विचारीत नाही. हे काम करणाऱ्यांना आपल्या समाजाने शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. त्यांची विद्या मात्र महालातही होती आणि प्रत्येकाच्या तहानेशीही. आपल्या माळ्यावर असे एखादे जुने कातडे असेल, तर ते खाली काढा. पण घडी उलगडण्याची घाई करू नका.