सूज उतरवणारं औषध हृदयाला का मानवलं नाही?



आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा भारतात आहेत. काहींच्या औषधांच्या डब्यात दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडची गोळीही असते. "सूज आली की स्टेरॉइड" हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. मग तिथे स्टेरॉइड का देत नाहीत? हा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात कित्येक दशकं गेली.

सुरुवात 1948 सालची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने आखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. मग काय, जिथे सूज तिथे हे औषध वापरून बघायची लाटच आली.

हृदयाच्या बाबतीत आशेला आधारही होता. रक्तवाहिनी बंद झाली की स्नायू मरायला लागतो. पेशींच्या आत पाचक रसांच्या बारीक पिशव्या असतात. त्या फुटल्या की आजूबाजूचंही नुकसान होतं. स्टेरॉइडमुळे या पिशव्यांची आवरणं टिकतील, असा विचार होता. 1973 मध्ये यूजीन ब्राउनवाल्ड यांच्या गटातल्या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मेलेल्या स्नायूचा भाग कमी भरला. त्या काळात अँजिओप्लास्टी नव्हती, त्यामुळे ही बातमी केवढी मोठी वाटली असेल!

पण माणसांमध्ये चित्र वेगळं दिसलं. 1974 मध्ये बर्नाडीन बल्कली (पुढे बर्नाडीन हीली या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या) आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी इशारा दिला: स्टेरॉइडमुळे हृदयाची जखम भरायला उशीर होतो आणि हृदयाच्या भिंतीला फुगा येऊ शकतो. 1976 मध्ये दुसरे रॉबर्ट्स, म्हणजे रॉबर्ट रॉबर्ट्स, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्या रुग्णांच्या रक्तातली एन्झाइम्स मोजली. ज्यांना पुन्हा पुन्हा डोस दिले त्यांच्यात नुकसान उलट वाढलेलं दिसलं आणि ठोक्यांची अनियमितताही जास्त होती. 1978 मध्ये प्राण्यांवरच्या एका अभ्यासात मोठ्या डोसनंतर मेलेला स्नायू जसाच्या तसा, सुकवून ठेवल्यासारखा सापडला. संशोधकांनी त्याला शब्द वापरला 'ममीफिकेशन'. हो, इजिप्तच्या ममीवरूनच!

असं का होत असेल? अहो, सूज म्हणजे नुसता शत्रू नव्हे. ती सफाई कामगार आणि गवंडी यांची टोळी आहे. पांढऱ्या पेशी आधी मेलेला स्नायू उचलून नेतात, मग दुसऱ्या पेशी तिथे चिवट तंतूंचा व्रण विणतात. हृदय एक मिनिटही सुट्टी घेत नाही, म्हणून तो व्रण मजबूत हवा. टोळीलाच घरी पाठवलं तर कच्ची भिंत कोण सावरणार?

तरी गोष्ट इतकी सरळ नाही. 2003 मध्ये 11 अभ्यासांतल्या 2,646 रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. त्यात स्टेरॉइडमुळे हृदय फाटण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. एकूण मृत्यू कमीसुद्धा दिसले. मात्र फक्त मोठे किंवा नीट चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास घेतले, तर तो फायदा सिद्ध होईना. 2024 मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात 530 रुग्णांना हॉस्पिटलमध्ये पोचण्याआधीच एकच मोठा डोस किंवा नुसतं पाणीवजा इंजेक्शन दिलं गेलं. तीन महिन्यांनंतर व्रणाच्या आकारात ठोस फरक नव्हता. म्हणजे पहिली भीती थोडी जास्त होती, पण पहिली आशा त्याहून जास्त!

आता यातून आपण काय घ्यायचं? हार्ट अटॅकमध्ये स्नायू वाचतो तो बंद रक्तवाहिनी लवकर उघडल्यामुळे. तेव्हा छातीत दुखलं तर "आधी एखादी गोळी घेऊन बघू" असं नको, ताबडतोब हॉस्पिटल. आई-बाबा स्टेरॉइड घेत असतील तर घाबरून स्वतःहून बंद करायला लावू नका. अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पण त्यांच्या सगळ्या औषधांची यादी तुमच्या फोनमध्ये आणि त्यांच्या पाकिटात असू द्या, आणि हृदयाच्या डॉक्टरांना ती दाखवा. अटॅक येऊन गेलेला असेल तर आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळीही त्यांना विचारूनच.

या रविवारी व्हिडिओ कॉलवर तेवढी यादी लिहून घ्याच. पाच मिनिटांचं काम आहे, आणि रात्री-अपरात्री फोन वाजला तर इतक्या लांबून आपल्याला तेवढं तरी नीट सांगता येईल.