आधी विटा आण

हुबळीच्या उणकल तळ्याकाठी उन्हाळ्यात कार्यक्रम लावायचा असला की मी आधी तळ्याकडं बघतो, ॲम्पकडं नंतर. सांजेला पाण्यालगतची हवा गार होते, वरची तापलेलीच राहते. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पलीकडच्या काठाला शब्दन् शब्द ऐकू जातो. हे वडिलांनी शिकवलं. आमचं घर मराठी, गिऱ्हाइकं बहुतेक कानडी, धंदा लाउडस्पीकरचा.

या मुलखात माइकच्या आधी नुसता गळा होता. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात लागलं आणि पुढं संगीत नाटक मंडळ्या हुबळी-धारवाडच्या फेऱ्या करू लागल्या. आमच्या शेजारच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्याच रंगभूमीवर गायले. ऑर्गन-तबला जवळच असायचा, त्यामुळं नटाला सूर नीट मिळे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते छातीच्या जोरावर.

वडिलांचं पहिलं ॲम्प व्हॉल्व्हचं. बटण दाबायचं आणि व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत गप्प बसायचं. कर्णे चिंचेला बांधायचे, तोंडं चार दिशांना. लांब वायरीत ताकद मरू नये म्हणून शंभर व्होल्टची लाइन आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर. भाषणाला ही व्यवस्था झकास, गाण्याला घातक. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. चौतीस मीटरवरचा कर्णा गाणाऱ्याच्या कानी सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा पोचतो. मिनिटाला तीनशे मात्रांच्या द्रुतात तेवढ्यात अर्धी मात्रा निसटते. वैशाखातल्या एका जत्रेत गाणारे बुवा मध्येच थांबले, हात जोडून म्हणाले, "सगळं बंद करा." वडिलांनी केलं. लोक आपापल्या सतरंज्या ओढत पुढं सरकले.

हे दुखणं आमच्या जत्रेपुरतं नव्हतं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स पंचावन्न हजारांहून जास्त लोकांपुढं वाजवत होते. गिटारींना शंभर वॅटचे व्हॉक्स ॲम्प, गळ्यांना स्टेडियमचेच स्पीकर. पोरींच्या किंकाळ्यांत चौघांना स्वतःचंच धड ऐकू येईना. हे वाचलं तेव्हा मला ते बुवा आठवले.

पुढं ऑर्केस्ट्रे आले, मिक्सर आले, कर्ण्यांच्या जागी खोकी आली. पण माझ्या लेखी खरा बदल एकच: स्पीकरचं एक तोंड गाणाऱ्याकडं वळलं. वडिलांनी जुन्या खोक्याखाली पुढून दोन विटा सारल्या, ते गायकाच्या पायाशी तिरपं टेकवलं, झाला मॉनिटर. तो ठेवायचा माइकच्या पाठीमागं, कारण गायकाचा माइक पुढून ऐकतो, मागून जवळजवळ बहिरा असतो. जागा चुकली की शिट्टी.

बाकी उन्हाळा तोच. ॲम्प सावलीत, मागून वारा खेळेल असं, नाहीतर तापून ऐन रंगात बंद पडतं. ताडपत्री हाताशी, कारण वळीव विचारून येत नाही. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासून रात्री दहाकडं एक डोळा.

परवा पोरानं विचारलं, "अप्पा, टॉप किती लावू, बेस किती?"

म्हटलं, "आधी विटा आण."