घरखर्च : अमरावती आणि अकोला

घरभाडे किंवा घरबांधणी, वीज, पाणी, स्वयंपाकाचा गॅस आणि मालमत्ता कर यांवर कुटुंबाला करावा लागणारा खर्च. वऱ्हाडातील ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहेत. दोन्हीकडे वीज महावितरणची आणि तिचा दरही एकच. तरीही खर्चात फरक पडतो, आणि तो भाड्याइतकाच पाण्यातही शोधावा लागतो.

सरकारी हिशेब मात्र भाड्याभोवतीच फिरतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठीच्या वर्गवारीत पाच ते पन्नास लाख लोकसंख्येचे शहर ‘वाय’ गटात, त्याखालचे ‘झेड’ गटात येते. २०११च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार, तर अकोल्याची ४ लाख २५ हजार होती. त्यामुळे सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता अमरावतीत मूळ वेतनाच्या १६ टक्के आणि अकोल्यात ८ टक्के ठरला. २०२४मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर घरभाडे भत्ता अनुक्रमे २० आणि १० टक्के झाला. पाणी साठवण्याचा आणि विकत घेण्याचा भार या वर्गवारीत कुठेच मोजला जात नाही, ही तिची मोठी उणीव आहे.

अमरावतीला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी पुरवते. अकोल्यात पुरवठा महापालिकेचा असून तो महानच्या काटेपूर्णा धरणावर अवलंबून आहे. तेथे नळ काही दिवसांआड येतो आणि धरणातला साठा खालावला की हे अंतर आणखी वाढते. मग जमिनीखालचे टाके, गच्चीवरची टाकी, पाणी चढवायची मोटार, उन्हाळ्यात टँकर आणि पिण्यासाठी जार असा खर्च होतो. यातला एक रुपयाही पाणीपट्टीच्या बिलावर दिसत नाही. बोअर मारून प्रश्न सुटेल असेही नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला असून तेथील भूजल खारे आहे. त्या पाण्याचे क्षार कूलरच्या ताट्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर साचतात, आणि या वस्तू लवकर बदलाव्या लागतात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलर रात्रंदिवस चालतो. घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात व पुढच्या टप्प्यातील युनिट महाग पडते. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून पुण्यासारख्या सौम्य उन्हाळ्याच्या शहराशी तुलना करताना वर्षाची सरासरी फसवी ठरते, उन्हाळ्याचे महिने वेगळे काढून पाहिले पाहिजेत. भाडेकरूची अडचण याहून मोठी. अनेक घरमालक सबमीटरवर सरसकट एका दराने पैसे घेतात, त्यामुळे पहिल्या स्वस्त टप्प्याचा लाभ त्याला मिळत नाही. छतावरील सौरविजेसाठीच्या २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदानही ज्याचे छप्पर त्यालाच.

गॅस सिलिंडरचा दर वाहतुकीनुसार गावोगावी थोडाफार बदलतो.

घर बांधणाऱ्याचा खर्च जमिनीपासूनच वाढतो. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे पाडते. त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो, प्लिंथ बीम घालावा लागतो आणि भरावासाठी मुरूम विकत आणावा लागतो.