एम्प्रेस मिल : भोंगा, गैरहजेरी आणि भविष्य निर्वाह निधी

१/ १ जानेवारी १८७७. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव ‘एम्प्रेस मिल’. या धाग्यात तिच्या यंत्रांपेक्षा माणसांची कथा अधिक आहे.

२/ वऱ्हाडचा कापूस जवळ होता आणि १८६७ पासून नागपूर मुंबईशी रेल्वेने जोडले गेले होते. गिरणीतील माणसे मात्र निरनिराळ्या जगांतून आलेली. मालक पारशी. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले, कापडधंद्यास नवखे. यंत्रांचे जाणकार जेम्स ब्रुक्सबी लँकेशायरचे इंग्रज. आणि कामगार नागपूर परिसरातील. पुढे महार समाजातील असंख्य कुटुंबेही गिरणीकामात आली.

३/ शेतीचे काम ऋतूवर चाले, हातमागाचे विणकराच्या सोयीवर. भोंग्याची वेळ दोघांनाही परकी. परिणामी रोज सुमारे पाचव्या हिश्श्याइतके कामगार येतच नसत. गरजेपुरते मिळाले की घरी राहणे, ही त्यांची रीत.

४/ ‘आळशी’ म्हणून दंड ठोठावणे सोपे होते. जमशेटजींनी वेगळा प्रश्न विचारला : उद्याही कामावर यावे, असे या माणसाला का वाटावे?

५/ उत्तरादाखल नियमित कामगारांना बक्षिसे मिळू लागली. भविष्य निर्वाह निधी सुरू झाला, तसेच १८९५ मध्ये अपघात विमाही. म्हातारपण व अपघात यांची भीती सर्व जातींना, सर्व भाषांना सारखीच. योजनेचे मर्म तेच.

६/ काळाचा संदर्भ पाहा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा ब्रिटनमध्ये १८९७ साली, भारतात १९२३ साली आला. भविष्य निर्वाह निधीचा देशव्यापी कायदा १९५२ चा.

७/ तरीही हे सुवर्णयुग नव्हे. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा कायद्याने घातली ती १९११ मध्ये. योजनांत मालकाचे हितही होते : शिकवून तयार केलेला हात टिकून राही. शिवाय जातीची भिंत निधीने पडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्यांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे मांडला.

८/ म्हणून एम्प्रेस मिलचा धडा दुहेरी आहे. परक्या रीतीच्या माणसाला दोष देण्याआधी त्याची चिंता ओळखावी, हा पहिला. आणि सोयी दिल्या म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही, हा दुसरा. आज त्या जागी मॉल उभा आहे. पहिल्या पगारपत्रकावर ‘पीएफ’ची कपात दिसली, तर नागपूरच्या त्या भोंग्याची आठवण अवश्य ठेवा.