हेलेनाला क्रूस सापडला का? घटना आणि नोंद यांच्यातलं अंतर



पीएचडीची तयारी सुरू केली की पहिला सल्ला मिळतो, 'लिटरेचर रिव्ह्यू नीट करा.' पण नीट म्हणजे नेमकं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. समजा तुम्ही पन्नास पेपर वाचले आणि सगळ्यांत एकच विधान सापडलं. मग ते सिद्ध झालं का? की पन्नास जणांनी एकाच जुन्या पेपरवरून ते उचललं?

हे समजून घ्यायला आज आपण प्रयोगशाळेबाहेर पडू आणि चौथ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात जाऊ. पुढची दोन विधानं तुम्ही कुठे ना कुठे वाचली असतील.

१) सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला.
२) त्याची आई हेलेना हिला जेरुसलेममध्ये येशूचा खरा क्रूस सापडला.

पहिलं विधान चुकीचं आहे. दुसरं आहे ते जास्त मजेदार, कारण ते चूक की बरोबर हे एका शब्दात सांगता येत नाही. का, ते बघू.

आधी माणसं ओळखून घेऊ

कॉन्स्टंटाइनचा जन्म नायससचा, म्हणजे आजच्या सर्बियातलं निश शहर. वडील कॉन्स्टँटियस हे लष्करी अधिकारी, पुढे सम्राट झाले. आई हेलेना साध्या घरातली. बिशप अँब्रोजने तिच्यासाठी जो लॅटिन शब्द वापरलाय त्याचा अर्थ 'सराईत काम करणारी' असा होतो. कॉन्स्टँटियसचं आणि तिचं रीतसर लग्न झालं होतं का, यावर जुन्या लेखकांचंही एकमत नाही. पुढे राजकारणाच्या सोयीसाठी कॉन्स्टँटियसने तिला सोडलं आणि सहसम्राट मॅक्सिमियनच्या घरातल्या थिओडोराशी लग्न केलं.

मुलगा मात्र सम्राट डायोक्लेशियनच्या दरबारात वाढला. ३०३ साली याच डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला. चर्च पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले, अनेकांचे जीव गेले. ३०६ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथे कॉन्स्टँटियस वारला आणि सैन्याने तिथेच कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून जाहीर केलं. टाकून दिलेल्या बाईचा मुलगा गादीवर आला. पुढे, ३२४ च्या सुमारास, त्याने आईला 'ऑगस्टा' हा साम्राज्यातला स्त्रीचा सर्वोच्च किताब दिला.

एक घटना, तीन नोंदी

२८ ऑक्टोबर ३१२. रोमजवळच्या मिल्व्हियन पुलापाशी कॉन्स्टंटाइनने प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियसचा पराभव केला. लढाईआधी त्याला ईश्वरी खूण दिसली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आता नोंदी तारखेच्या क्रमाने लावून बघा.

लॅक्टँशियस हा लेखक दरबाराच्या जवळचा, कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा शिक्षक. लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहिताना तो सांगतो की कॉन्स्टंटाइनला स्वप्न पडलं आणि सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढण्याचा आदेश मिळाला. आकाशात काही दिसल्याचा उल्लेख तो करत नाही.

३१५ साली रोममध्ये कॉलोसियमच्या शेजारी विजयकमान उभी राहिली. ती आजही आहे. तिच्यावरचा लेख म्हणतो की हा विजय 'दैवी प्रेरणेने' मिळाला. कोणत्या देवाच्या प्रेरणेने, ते लिहिलेलंच नाही! ख्रिस्ती वाचकाला आपला देव दिसावा, जुन्या धर्माच्या वाचकाला त्याचा. नाण्यांवर तर 'अजिंक्य सूर्य' हा देव पुढची कित्येक वर्षं झळकत राहिला.

तिसरी नोंद सीझेरियाचा बिशप युसेबियस याची. ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारल्यावर लिहिलेल्या चरित्रात तो सांगतो की भर दुपारी सूर्याच्या वर प्रकाशाचा क्रूस दिसला, सोबत 'याने जिंक' अशा अर्थाचे शब्द होते आणि सम्राटाने हे आपल्याला शपथेवर सांगितलं. गंमत म्हणजे याच युसेबियसने आधी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात हीच लढाई आहे, पण आकाशातला क्रूस नाही.

बघा, घटनेपासून जितकं लांब जावं तितकी नोंद भव्य होत जाते. म्हणून कुणी खोटं बोललं असं लगेच म्हणू नका. पंचवीस वर्षांत माणसाची स्वतःची आठवणही बदलते, आणि सम्राटाची आठवण तर त्याच्या यशाच्या उजेडात बदलणार.

राजधर्माचं काय?

३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस मिलानमध्ये भेटले. आपण ज्याला 'मिलानचा आदेश' म्हणतो, त्याचा आज उपलब्ध मजकूर म्हणजे लिसिनियसच्या नावाने निघालेलं पत्र आहे. ते जून ३१३ मध्ये निकोमीडिया शहरात जाहीर झालं. त्यात काय आहे? ख्रिस्ती लोकांना आणि इतर सगळ्यांनाही हवा तो धर्म पाळायची मुभा, आणि ख्रिस्ती समाजाच्या जप्त केलेल्या जागा परत करण्याचा हुकूम. त्याआधी ३११ मध्येच मरणशय्येवरच्या गॅलेरियस सम्राटाने छळ थांबवला होता.

म्हणजे कॉन्स्टंटाइनने केलं ते असं: जागा परत केल्या, चर्च बांधायला पैसा दिला, धर्मगुरूंना नागरी कामांच्या सक्तीतून सूट दिली, ३२५ मध्ये नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली. हे सगळं मोठंच आहे. पण इतर धर्म त्याने बंद केले नाहीत. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात असताना. ख्रिस्ती धर्माला साम्राज्याचा अधिकृत धर्म करणारा आदेश ३८० सालचा, सम्राट थिओडोसियसचा. कॉन्स्टंटाइनला जाऊन तेव्हा ४३ वर्षं झाली होती. पहिलं विधान इथे संपलं.

आता हेलेना

३२६ साल राजघराण्यासाठी भयंकर होतं. कॉन्स्टंटाइनने आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करवलं आणि त्यानंतर लवकरच त्याची बायको फाउस्टाही मेली. याच सुमारास सत्तरी ओलांडलेली हेलेना पूर्वेच्या प्रांतांत प्रवासाला निघाली. हे प्रायश्चित्त होतं, की नातवाच्या मृत्यूने हादरलेल्या घराण्याची प्रतिमा सावरण्याचा दौरा? अभ्यासक दोन्ही बाजूंनी मांडणी करतात.

प्रवास झाला हे नक्की. युसेबियस सांगतो की तिने शहरोशहरी दानधर्म केला, सैनिकांना पैसे वाटले, कैद्यांना आणि खाणीत राबणाऱ्या शिक्षाधीनांना सोडवलं. बेथलेहेम आणि जैतुनांचा डोंगर इथल्या दोन चर्चशी तो तिचं नाव जोडतो. जेरुसलेममधल्या येशूच्या थडग्याच्या जागेबद्दलही तो सविस्तर लिहितो: तिथलं व्हीनसचं देऊळ पाडलं, खणल्यावर थडगं सापडलं, सम्राटाने बिशप मकारियसला पत्र लिहून भव्य चर्च बांधायला सांगितलं. पण या प्रसंगात हेलेना नाही. आणि क्रूस सापडल्याचा एक शब्दही नाही.

पुढच्या नोंदी बघा:

३३३: फ्रान्समधल्या बोर्दोहून एक यात्रेकरू जेरुसलेमला येतो. कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या चर्चची नोंद करतो. क्रूस सापडल्याचं लिहीत नाही.

३५० च्या आसपास: जेरुसलेमचा सिरिल प्रवचनात म्हणतो की क्रूसाच्या लाकडाचे तुकडे जवळपास जगभर पोहोचलेत. ३५१ च्या पत्रात तो क्रूस कॉन्स्टंटाइनच्या काळात सापडल्याचं सांगतो. हेलेनाचं नाव नाही.

३८० च्या दशकात: एजेरिया नावाची यात्रेकरू शुक्रवारच्या क्रूसदर्शनाचं वर्णन करते. भाविक चुंबन घेतात तेव्हा सेवक डोळ्यांत तेल घालून पहारा देतात, कारण म्हणे कुणीतरी एकदा चुंबनाच्या निमित्ताने तुकडाच चावून पळवला होता!

३९५: मिलानचा बिशप अँब्रोज, सम्राट थिओडोसियसच्या श्राद्धप्रसंगीच्या भाषणात, क्रूस हेलेनाने शोधला असं सांगतो. आज उपलब्ध असलेल्या मजकुरांत ही गोष्ट तारखेनिशी पहिल्यांदा दिसते ती इथे. प्रवासानंतर साधारण ७० वर्षांनी.

अँब्रोजला ही गोष्ट तेव्हाच का सांगावीशी वाटली? समोर थिओडोसियसचा दहा वर्षांचा वारस मुलगा होता. अँब्रोजच्या गोष्टीत हेलेना क्रूसाचे खिळे मुलाला पाठवते, एक मुकुटासाठी आणि एक घोड्याच्या लगामासाठी. थोडक्यात, सम्राटांची सत्ता श्रद्धेने बांधलेली आहे. नोंद वाचताना लिहिणाऱ्याचा श्रोता कोण होता हेही बघायचं, ते यासाठी.

पाचव्या शतकात या कथेला आणखी फांद्या फुटल्या. एका आवृत्तीत जागा सांगायला तयार नसलेल्या यहुदा नावाच्या ज्यू माणसाला हेलेना सात दिवस कोरड्या विहिरीत उपाशी ठेवते. ही आवृत्ती मध्ययुगात अतिशय लोकप्रिय झाली, आणि ज्यू लोक सत्य लपवतात हा समजही तिने सोबत नेला. 'गोष्टच तर आहे' म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे. गोष्टीचा भार खऱ्या माणसांवर पडतो.

मौन म्हणजे पुरावा का?

इथे घाई करू नका. 'युसेबियस गप्प आहे, म्हणून क्रूस सापडलाच नाही' हा निष्कर्ष सोपा आहे, पण कच्चा आहे. एखाद्याचं मौन पुरावा ठरायला दोन अटी लागतात: त्याला माहीत असायला हवं, आणि माहीत असतं तर त्याने लिहिलं असतं याची खात्री हवी.

पहिली अट युसेबियस पूर्ण करतो. तो त्याच प्रांतातला बिशप, चर्चच्या उद्घाटनाच्या वेळी ३३५ मध्ये जेरुसलेममध्ये हजर होता. दुसऱ्या अटीत घोळ आहे. सीझेरिया आणि जेरुसलेम यांच्यात मानाची चढाओढ होती. जेरुसलेमला एवढा मोठा अवशेष मिळाला हे ठळक करण्यात सीझेरियाच्या बिशपला रस नसणं शक्य आहे. मकारियसला लिहिलेल्या सम्राटाच्या पत्रातला एक शब्दप्रयोग क्रूसाला उद्देशून असावा, असंही काही अभ्यासक मानतात.

मग आपण काय म्हणू शकतो? चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत जेरुसलेममध्ये क्रूस म्हणून एक लाकूड पूजलं जात होतं, हे पक्कं. हेलेनाचा प्रवास पक्का. या दोन गोष्टी एकत्र जोडणारा धागा मात्र उशिरा दिसतो. लाकूड खरंच येशूच्या क्रूसाचं होतं का, हा प्रश्न या कागदांनी सुटणारा नाही. श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यासाठी हे कागद ओढू नयेत.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. सभासद बखर आणि चिटणीस बखर, दोन्ही शिवाजी महाराजांबद्दल. पण दोघींमध्ये शंभराहून जास्त वर्षांचं अंतर. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला तो याच कारणाने.

वजा केल्यावर काय उरतं?

कथा बाजूला काढली तर हेलेना छोटी होते का? मला तर उलट वाटतं. 'हेलेना ऑगस्टा' असं कोरलेली तिची नाणी आहेत. व्हॅटिकनच्या संग्रहालयात तिची लालसर-जांभळ्या पॉर्फिरी दगडाची शवपेटी आहे, तिच्यावर घोडेस्वार आणि कैदी कोरलेत. सराईत काम करणारी, नवऱ्याने सोडलेली बाई म्हातारपणी राजकोष हाताशी घेऊन पूर्वेत फिरली आणि ख्रिस्ती तीर्थयात्रेला राजमान्यता मिळाली. ऐंशीच्या घरात वारली तेव्हा मुलगा जवळ होता. यासाठी चमत्काराची गरज नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातलं 'सगळ्यांनाच माहीत असलेलं' एक विधान निवडा. ते शेवटच्या पेपरपासून मागे मागे शोधत जा. प्रत्येक टप्प्यावर चार रकाने भरा: कधी लिहिलं, कुणी लिहिलं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कुणासाठी लिहिलं. मग मूळ प्रयोग किंवा मूळ नोंद घडल्यापासून पहिल्या उल्लेखापर्यंतचं अंतर मोजा.

कधी साखळी थेट मूळ डेटापर्यंत जाईल. कधी ती मध्येच एखाद्या अँब्रोजपाशी थांबेल. ती जिथे थांबते तिथे पेन्सिलने खूण करा, तारीख टाका. गाईडसमोर विषय मांडायला जाताना तो कागद सोबत ठेवा.