तेहेतीस खणांचे मंदिर

घर केवढे मोठे, हे आपल्याकडे पूर्वी खणांत सांगत. जपानातील क्योटो नगरीत एक बौद्ध देवालय आहे. त्याचे नावही असेच खणांवरून पडले आहे. ‘सान्जूसान्गेन्दो’, म्हणजे तेहेतीस खणांचे दालन! हा आकडा सहज आलेला नाही. करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वर तेहेतीस रूपे घेऊन जिवांच्या साह्यास धावतो, अशी तेथील श्रद्धा आहे. जपानी माणूस त्याला ‘कान्नोन’ म्हणतो.

सुमारे १२० मीटर लांबीच्या या लाकडी दालनात पाऊल टाकताच मनुष्य स्तब्ध होतो. मध्यभागी बोधिसत्त्वाची भव्य बैठी मूर्ती. दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या मूर्ती, पुरुषभर उंचीच्या, सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या. प्रत्येकीच्या मस्तकावर लहान लहान मुखे आणि अंगी सहस्र हात. प्रत्यक्षात हात बेचाळीसच कोरले आहेत. जोडलेले दोन सोडले तर उरतात चाळीस, आणि एकेक हात पंचवीस लोकांतील जिवांना तारतो. असा हा हजारांचा हिशेब. या हजार चेहऱ्यांत आपल्याला ज्याची आठवण येते त्याचा चेहरा सापडतोच, असे तेथील लोक मानतात.

निवृत्त सम्राट गो-शिराकावा याच्यासाठी ११६४ साली ताइरा नो कियोमोरी या सरदाराने हे देवालय उभारले. पण १२४९ साली नगरात आग भडकली आणि पाहता पाहता ती येथवर येऊन पोचली. अवलोकितेश्वराचे नाव घेतले की अग्निभयातून सुटका होते, असे सद्धर्मपुंडरीक सूत्र सांगते. आपल्या औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अष्टमहाभयांचे जे शिल्प आहे, त्यातही अग्नी आहेच. त्या दिवशी मात्र तारणहारच ज्वाळांत सापडला! तेव्हा माणसेच धावली. मूर्ती लाकडाच्या, आतून पोकळ. म्हणूनच त्या उचलता आल्या. आज उभ्या असलेल्यांपैकी १२४ मूर्ती त्या आगीतून वाचलेल्या आहेत. बाकीचे बहुतेक भस्मसात झाले.

पुढे पुनर्निर्माणाचे काम निघाले, तेव्हा शिल्पकारांत अग्रणी होता तांकेई, प्रख्यात उन्केईचा पुत्र. मधली मोठी मूर्ती त्याने १२५४ साली पुरी केली; त्या वेळी त्याचे वय ब्याऐंशी होते! दोनच वर्षांनी तो वारला. १२६६ साली नवे दालन उभे राहिले. ते पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तेच दालन आजही उभे आहे. मूर्तींची अलीकडची डागडुजी १९७३ साली सुरू झाली, ती २०१७ साली संपली. एका पिढीने हाती घेतलेले काम दुसरीने पुरे केले.

या दालनातील रक्षक देवतांकडे पाहावे, तर ब्रह्मा, इंद्र, नारायण, गरुड अशी आपल्याच घरची मंडळी जपानी वेषात भेटतात! आणि मुंबईजवळच्या कान्हेरीला एक्केचाळीसाव्या लेण्यात एकादशमुखी अवलोकितेश्वर कधीचा उभा आहे, क्योटोच्या दालनाहून कितीतरी शतके जुना. त्याच्यापर्यंत आपल्यापैकी किती जण गेले असतील?

हजार हातांच्या देवालाही अखेर दोन हातांच्या माणसांनीच आगीतून बाहेर काढले. करुणेचे हात मोजायचेच झाले, तर ते हातही त्यांत धरायला नकोत काय?